आघात अपुरा

कोपर लागलं तेव्हा आवाज असा झालाच नाही. शर्वरीच्या तोंडातून फक्त हवा निघाली आणि ती कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत गुडघ्यांवर बसली.

नंदिनी मगदूम दोन पावलं मागे सरली. शर्वरी पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, खाली शिरली होती आणि तिला अडवायला नंदिनीनं कोपर खाली आणलं होतं. ते खांद्यावर बसायला हवं होतं. बसलं छातीवर, डाव्या बाजूला, वरच्या अंगाला.

"लागलं?"

"न्हाई, गुदगुल्या झाल्या." शर्वरी माती थुंकली आणि बसल्या जागेवरून उसळून तिनं नंदिनीची मांडी पकडली. पुढच्या क्षणी नंदिनी पाठीवर होती आणि शर्वरीचं पासष्ट किलोचं अंग तिच्या बरगड्यांवर. "पैलवानाला इचारतीस व्हय गं, लागलं का म्हणून?"

दूधगंगेच्या काठावरच्या त्या तालमीत सव्वीस मुली राहत होत्या. वस्ताद मालन चौगुले स्वतः एके काळच्या पैलवान. त्यांचे दोन्ही कान फुटून फुलकोबीसारखे झालेले. त्यांना सगळ्या आक्का म्हणत. शर्वरी खोत चोवीस वर्षांची, तालमीतली सर्वांत तयार पैलवान. नंदिनी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. चार वर्षं दोघींची जोड होती, म्हणजे रोज सकाळी त्या एकमेकींना आपटत आणि रोज दुपारी एकमेकींचं अंग रगडत. जिला आपटायचं तिचंच अंग रगडायचं, हा आक्कांचा नियम होता. सकाळचा राग दुपारच्या तेलात मुरतो, असं त्यांचं म्हणणं.

कोपर लागलं एप्रिलमध्ये. जूनच्या मध्यावर, एका दुपारी शर्वरीची छाती आणि खांदे रगडताना नंदिनीच्या अंगठ्याखालून एक दाणा सरकला.

हरभऱ्याएवढा. कडक. तिनं परत अंगठा फिरवला. दाणा तिथंच होता. शर्वरी डोळे मिटून पडली होती, कण्हली नाही की हलली नाही. दुखत नव्हतं म्हणजे.

नंदिनीला पहिल्यांदा आठवलं ते आपलं कोपर. जागा तीच होती. हे आपण केलंय, असं तिला वाटलं, आणि वाटल्याबरोबर ते तिच्या दृष्टीनं सिद्ध झालं. आक्कांना सांगितलं तर जोड मोडतील. शर्वरीशिवाय या तालमीत आपण कोण, हे तिला ठाऊक होतं. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिनं रगडण्याची वाट बदलली. हात छातीच्या मध्यावरून गळ्याच्या हाडापर्यंत न्यायचा आणि तिथून खांद्याकडे वळवायचा. मधली जागा सोडायची.

पण आठवड्यातून एकदा तिचा अंगठा चुकल्यासारखा तिकडे जाई. जुलैत तो वाटाणा झाला होता. ऑगस्टच्या शेवटी चिंचोका.

त्याच ऑगस्टमध्ये कुस्ती महासंघानं सगळ्या महिला तालमींना नवा कॉश्च्युम वाटला. डोक्याला आणि मणक्याला किती धक्के बसतात ते मोजायला तो बनवला होता. अंगाला इतका घट्ट बसे की मुलींनी पहिल्याच दिवशी त्याला 'कातडं' म्हणायला सुरुवात केली. ते समजावून सांगायला पुण्याहून डॉ. केतकी लिमये आल्या. त्या पदार्थविज्ञानाच्या. त्यांचा आवाज इतका बारीक होता की ऐकायचं तर सव्वीस जणींना गप्प बसावं लागे.

त्यांनी सोबत एक परात आणली होती. परातीत खरवस.

"ही पाहा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी परातीच्या काठावर टिचकी मारली. खरवसावरून थरथर पळत गेली. "मऊ पदार्थाला धक्का दिला की त्यातून आडवी लाट जाते. मऊ जागेत ती हळू जाते, ताठ जागेत जोरात. आता या खरवसात मी कुठंतरी एक सुपारी लपवलीय."

त्यांनी परातीवर कॉश्च्युमच्या कापडाचा तुकडा पसरला आणि जोरात थाप मारली. भिंतीवर, मारुतीच्या तसबिरीशेजारी लावलेल्या पडद्यावर हिरवा नकाशा उमटला. एका कोपऱ्यात लाल ठिपका होता. त्यांनी तिथं चमचा घातला आणि सुपारी काढून दाखवली.

"या कापडात केसाहून बारीक धागे आहेत. ताणले की ते वीज तयार करतात. तुम्ही आपटलात की लाट तुमच्या अंगातून जाते आणि कोणत्या धाग्याखाली ती कधी पोचली, हे कापड लिहून ठेवतं. सावकाश थरथरणाऱ्या लाटा खोल जातात, भराभर थरथरणाऱ्या वरवर राहतात. दोन्ही मिळून आतला नकाशा निघतो. दवाखान्यात हेच यंत्रानं करतात, पण तिथला धक्का फार हलका असतो. तुमचा—" त्या थांबल्या, "तुमच्याइतका धक्का द्यायची परवानगी कुठल्याच दवाखान्याला मिळणार नाही."

"म्हंजे जेवढं जोरात आपटू तेवढं नीट दिसणार?" शर्वरीनं विचारलं.

"हो. हलकं आपटलंत तर पडदा 'आघात अपुरा' असं लिहील."

"आक्का, ऐकलंत का? डॉक्टरच सांगायल्यात, जोरात मारा म्हणून!" सगळ्या हसल्या. मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, त्यो खरवस खायला मिळणार का?"

मिळाला. नंदिनीनं मात्र खाल्ला नाही. ती त्या सुपारीकडे बघत होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लिमये न कळवता परत आल्या. त्यांनी आक्कांच्या खोलीत शर्वरीला बोलावलं. धक्के दोघींनी मिळून दिलेले होते, म्हणून नंदिनीलाही.

"या आठवड्यात शर्वरी अठ्ठेचाळीस वेळा पडली," लिमये म्हणाल्या. "त्यातल्या एक्केचाळीस वेळा एका जागी लाट पुढे पळाली. आजूबाजूला तिचा वेग सेकंदाला दोन मीटर आहे. इथं सहा. डाव्या स्तनात, वरच्या बाजूला."

आक्कांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "काय म्हणायचंय तुमाला?"

"ताठ आहे, इतकंच कापड सांगतं. काय आहे ते सांगत नाही. मुक्या मारानंही आतली चरबी मरते, तिची गाठ होते, आणि तीही अशीच ताठ असते. सोनोग्राफी करायची, सुई घालून तुकडा काढायचा. दोन दिवसांचं काम आहे."

शर्वरीनं गळ्यातून हात आत घातला आणि चाचपलं. तिचा चेहरा बदलला नाही. "हे व्हय? हे रविवारचं. नंदूचा गुडघा बसला हुता हितं. व्हय का न्हाई गं?"

खोलीतल्या तिघी नंदिनीकडे बघत होत्या.

"व्हय," नंदिनी म्हणाली.

"झालं तर मग," आक्का म्हणाल्या. "मारानं गाठी येत्यातच. माझ्या अंगावर बारा हैत."

"माराची गाठ आठवड्यागणिक लहान होते," लिमये सावकाश म्हणाल्या. "दुसरी वाढते. ही तीन महिन्यांपूर्वी होती का, केवढी होती, हे मला कळलं असतं तर मी इतकं बोललेच नसते. हाताला धरून नेलं असतं. पण आमचं कापड येऊन तीन आठवडे झालेत. वाढलीय की नाही, सांगता येत नाही."

"बारा दिवसांवर देशाच्या संघाची निवड हाय मॅडम," शर्वरी म्हणाली. " सुई टोचली की डॉक्टर पंधरा दिवस माती बंद सांगणार. ही निवड हुकली की पुढची चार वर्सांनी. तवर माझी हाडं ऱ्हातील का?"

"मग निवडीच्या दुसऱ्या दिवशी?"

"निवड झाली की आठ महिने परदेशात शिबिर. आलो की बघू."

लिमये निघताना दारात थांबल्या. चोवीस वर्षांच्या मुलींना हा रोग होतो, क्वचित होतो, पण झाला की थांबत नाही, असं त्या म्हणाल्या. वेळेवर सापडला तर दहांतल्या नऊ जणी वाचतात, हेही म्हणाल्या. शर्वरी तोवर बैठका मारायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी जुना कॉश्च्युम घालून हौद्यात उतरली. कातडं तिनं खुंटीला टांगलं होतं.

दोघींनी माती कपाळाला लावली. हाताला हात लागला. शर्वरीनं मान पकडली आणि नंदिनीचं डोकं खाली दाबलं.

"शर्वरी, ती गाठ रविवारची न्हाई."

"खेळ."

"जूनमधी माझ्या हाताला लागली हुती. हरभऱ्याएवढी."

मानेवरची पकड सैल झाली नाही. घट्ट झाली.

"आता चिंचोक्याहून मोठी हाय. दर आठवड्याला बघत हुते मी."

शर्वरीनं ढाक लावली. नंदिनी कमरेवरून वर गेली आणि पाठीवर आदळली. डोळ्यांसमोर पांढरं झालं. इथवर तो डाव होता. मग शर्वरीनं तिला बगलांत धरून उभं केलं आणि परत आपटलं. परत उभं केलं. तिसऱ्यांदा नंदिनीचं तोंड हौद्याच्या दगडी काठावर गेलं आणि ओठ दातांनी फाटला.

"हात उचल!"

नंदिनीनं हात उचलले नाहीत.

"लढ की, भवाने! तीन म्हैने! तीन म्हैने तुझा हात माझ्या अंगावर हुता!" आता ती मुठीनं मारत होती. कानावर, नाकावर, बरगड्यांत. नाकातलं रक्त मातीत पडून काळं होत होतं. कडेच्या मुली ओरडायला लागल्या, पण कुणी आत उतरेना. त्या दोघी खेळताना आत उतरायची कुणाचीच सवय नव्हती. "काल इचारलं तवा व्हय म्हणालीस! माझ्या तोंडावर व्हय म्हणालीस!"

"मला वाटलं मी केलंय—"

शर्वरीनं तिला उचललं आणि फेकलं. नंदिनी डाव्या खांद्यावर पडली. या वेळी आवाज झाला. ओली फांदी मोडावी तसा, आणि हौद्याभोवतीच्या सगळ्यांना तो ऐकू गेला.

आक्कांनी शर्वरीला मागून कमरेत धरून उचललं आणि बाहेर फेकलं. मग त्या नंदिनीपाशी वाकल्या. गळ्याचं हाड कातडीखाली वर आलं होतं.

"काय म्हणालीस तू मगाशी?" त्यांनी विचारलं. "हरभऱ्याएवढी, कवा?"

"जूनमधी."

आक्कांना आपली बारा गाठींची फुशारकी आठवत असावी. मग त्यांनी लंगोटाचं कापड फाडून नंदिनीचा हात छातीशी बांधला.

कोल्हापूरपर्यंत जीप त्यांनीच चालवली. पुढं शर्वरी बसली होती, मुठी सोललेल्या. मागं नंदिनी, तोंडात रुमाल.

"एकमेकीला मारूनच टाकायचं ठरलं असंल," आक्का आरशात बघत म्हणाल्या, "तर आधी डॉक्टरला दावू. मग मारा निवांत."

दवाखान्यात दोघींचे कागद एकाच खिडकीवर निघाले. एकीचा एक्स-रे, एकीची सोनोग्राफी. संध्याकाळी लिमये पोचल्या तेव्हा नंदिनी बाकावर एकटीच होती, खांदा पट्ट्यांत, एक डोळा सुजून बंद.

"मॅडम, माझ्या कोपरानं झालं का हे?"

"नाही. मार लागून कॅन्सर होत नाही. पेशींच्या आतल्या सूचना बिघडतात तेव्हा तो होतो, आणि हा तोच असेल तर ते तुझ्या कोपराच्या कितीतरी आधी सुरू झालं असणार."

"पण तिथंच लागलं हुतं."

"तिथं लागलं म्हणून तू तिथं लक्षपूर्वक हात लावलास. इतकाच संबंध."

नंदिनीनं उघड्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "मग मी तीन म्हैने गप कशापायी बसले?"

लिमयेंनी तिच्या हातातला एक्स-रे घेतला, उजेडाकडे धरला आणि परत दिला.

गाठ सतरा मिलिमीटरची निघाली, आणि ती कॅन्सरचीच होती. काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेली नव्हती. शस्त्रक्रिया करणाऱ्या बाई म्हणाल्या, "आठ महिन्यांनी आला असतात तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते." त्यांनी गाठ आणि भोवतीचं बोटभर मांस कापून काढलं. स्तन राखता आला. मग सहा वेळा शिरेतून विष, आणि मग महिनाभर किरणांचा जाळ. शर्वरीनं त्या सगळ्याला कुस्तीच्या भाषेत शिव्या दिल्या. दुसऱ्या सलाईननंतर तिनं उलटीचं भांडं भिंतीवर फेकलं. चौथ्यानंतर तिच्यात फेकायचं बळ उरलं नाही. केस गेल्याचं कुणाला जाणवलं नाही, कारण तालमीत सगळ्यांचेच केस बारीक होते. भुवया गेल्या तेव्हा मात्र आक्का वॉर्डाबाहेर जाऊन रडल्या.

नंदिनी दर मंगळवारी जात होती. शर्वरी दर मंगळवारी भिंतीकडे तोंड करून पडे. सात मंगळवार असे गेले. आठव्याला ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "पाय दुखायल्यात."

नंदिनीनं तिचे पाय रगडले. तिचा स्वतःचा खांदा अजून वर उचलला जात नव्हता.

तालमीत आक्कांनी नियमाला एक ओळ जोडली. रगडताना हाताखाली जे लागेल ते मोठ्यानं सांगायचं. "पाठ मोकळी!" "मांडी मोकळी!" "छाती मोकळी!" पहिल्या दिवशी छातीपाशी सगळ्या खिदळल्या. आक्कांनी त्यांना शंभर बैठका मारायला लावल्या आणि मग परत म्हणायला लावलं. सहा महिन्यांत अकरा गाठी सापडल्या. सात माराच्या, तीन साध्या. एक तालमीत भाकऱ्या करणाऱ्या सुवर्णावहिनींची. त्या एकतीस वर्षांच्या होत्या, आणि मुलींनी हट्टानं त्यांचंही अंग रगडलं होतं. ती कॅन्सरची, पण नऊ मिलिमीटरचीच होती. हे घरी सांगितल्यावर त्यांच्या नवऱ्यानं तालमीच्या दारावर दगड मारले, बायकोला बदनाम केलं म्हणून. आक्का बाहेर गेल्या, त्याचा दगडाचा हात पिरगळून त्याला हौद्याच्या काठावर बसवलं आणि शर्वरीचे फोटो दाखवले. आधीचा आणि भुवया नसलेला. त्यानं वहिनींना स्वतःच्या गाडीवरून कोल्हापूरला नेलं.

दीड वर्षानं शर्वरी हौद्यात उतरली. भुवया आल्या होत्या. वजन एकसष्ट. अंगात नवं कातडं.

"वर्षाची मॅमोग्राफी चुकवायची नाही," लिमयेंनी सांगितलं होतं. "पण मधल्या काळात कापडावर लक्ष ठेवू. व्रण ताठ असतो, त्याचा नवा नकाशा आधी काढायला हवा. त्याशिवाय पुढं काय बदललं ते कळणार नाही."

बाकीच्या चोवीस मुली कडेला उभ्या होत्या. नंदिनीनं मान पकडली, कमरेत हात घातला आणि शर्वरीला मातीवर निजवलं.

पडद्यावर अक्षरं आली. आघात अपुरा.

"परत," शर्वरी म्हणाली.

नंदिनीनं परत टाकलं. टाकताना तिचा हात शर्वरीच्या पाठीखाली राहिला, लेकराला ठेवताना राहतो तसा.

आघात अपुरा.

शर्वरी उठली आणि तिनं नंदिनीच्या कानशिलात मारली. हौद्याभर आवाज घुमला.

"काच हाय का मी?"

"शर्वरी, तिथं टाकं—"

"टाकं कवाच भरल्यात. तू एकदा माझ्यावर दया केलीस नंदू. तीन म्हैने केलीस. आता करू नगंस." तिचा आवाज खाली आला. "मला बघायचंय आत काय हाय ते. दर सोमवारी बघायचंय. तू न्हाई आपटलंस तर कोण आपटणार?"

नंदिनीनं तळव्यांना माती चोळली. डावा खांदा एकदा फिरवला. त्या हाडात अजून थंडीची कळ येत असे. मग ती शिरली, शर्वरीचा दंड खांद्यावर घेतला, कंबर खाली घातली आणि सगळं अंग पुढं झोकून धोबीपछाड मारली. शर्वरी तिच्या डोक्यावरून गेली. पडली तेव्हा मातीचा लोट उठला आणि खुंट्यांवरचे तांबे वाजले.

शर्वरीच्या तोंडातून हवा निघाली, कोपर लागलं तेव्हा निघाली होती तशी, आणि ती उताणी पडून राहिली. छाती वर-खाली होत होती.

पडद्यावर नकाशा उमटायला चार सेकंद लागले.

"काय आलंय?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

नंदिनीनं वाचलं. डाव्या बाजूला वर पिवळी रेघ होती, व्रणाच्या लांबीची, शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिली होती तेवढीच. बाकी दोन्ही बाजूंना दोन, दोन पॉइंट एक, दोन. सगळीकडे हिरवं.

"तुला इचारालोय."

"छाती मोकळी," नंदिनी म्हणाली.

"मोठ्यानं."

कडेच्या चोवीस जणी तिच्या आधीच ओरडल्या, तालमीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, आणि नंदिनी बाहीनं डोळे पुसत असतानाच शर्वरीनं आडव्या अंगानं हात लांबवून तिचा घोटा पकडला आणि ओढला.